किल्लीवालीचा डावा पाय

३ मार्च

मामा,

तुझे नेहमीचे प्रश्न आधीच निकालात काढते. हो, वेळेवर जेवते. हो, थंडीत कान झाकते. आणि नाही, तू दिलेली कात्री हरवलेली नाही, ती कामाच्या टेबलाला साखळीने बांधलेली आहे.

आता बातमी. शिक्षण एप्रिलअखेर संपतंय, पण मी मेच्या शेवटच्या आठवड्यात येईन. तिकीट पुढे ढकललंय. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू फक्त ‘बरं’ म्हणतोस आणि मग त्याचा राग आठ दिवस मामीवर काढतोस, म्हणून पत्र.

त्याचं असं आहे की इथल्या कार्यशाळेत निरोपसमारंभ होत नाही. केक नाही, हार नाही, भाषणं नाहीत. शिकून निघालेल्याने ज्यांच्यासाठी कृत्रिम पाय बनवले त्या प्रत्येकाच्या घरी एकदा जाऊन यायचं, बस. रात्री पाय कुठे उभा करून ठेवतात, कुठल्या उंबऱ्याला अडखळतात, खुर्चीतून उठताना कशाचा आधार घेतात, हे डोळ्यांनी बघायचं आणि मग ‘निघते’ म्हणायचं. बाई, म्हणजे आमच्या मुख्य शिक्षिका, याला शेवटची फेरी म्हणतात. त्यांचं म्हणणं, कार्यशाळेत सगळेच शहाण्यासारखे चालतात, खरी चाल घरात दिसते.

माझे सहा जण आहेत. काल पहिल्याकडे गेले. नकाशे काढायचे ते आजोबा आता निवृत्त झालेत. रोज सकाळी दोन्ही बूट पॉलिश करतात, खोट्या पायाचासुद्धा. म्हणाले, ‘एकालाच केलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल.’ परवा न्हाव्याकडे जायचंय. दिवसभर उभं राहून त्याची कंबर धरते की पाय दुखतो, ते बघायचं आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा उंचाड (सहा फूट चार इंच, दिव्यावर रोज डोकं आपटतो) म्हणाला, न्हाव्याकडून केस न कापता परत आलीस तर तुला मानेन.

दोन वर्षांत या लोकांनी मला काय काय दिलं ते एका पत्रात मावणार नाही. आले तेव्हा भाषा येत नव्हती, तर यांनी पाय पुढे केले आणि म्हणाले, शीक यावरच. मामा, स्वतःचा दुखरा पाय कोण देतं कुणाला शिकायला?

मामीला नमस्कार.

तुझी,
टाचणी

१५ मार्च

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. बरं.

हे ‘बरं’ लिहिलं म्हणून मामी आत्ताच डोळे वटारून गेली, तेव्हा पुढे लिहितो.

मी शिंपी आहे, शाळा सातवीपर्यंतच झाली, पण हिशेब मला कळतो. सहा घरांना जाऊन यायला महिना लागतो? मी तरुणपणी एका दिवसात नऊ घरची मापं घेऊन यायचो, तेही सायकलवर. तेव्हा खरं काय ते सांग. कुणी भेटलंय का? तसं असेल तर सरळ लिही. मी काही चिडणार नाही. तुझी आई चिडेल, तिला मी बघतो. उंची सहा फूट चार इंच असेल तर फक्त लग्नाच्या कोटाला किती कापड लागेल याचा अंदाज आधी दे.

की तुला यायचंच नाहीये? तसंही असू शकतं. तिकडे यंत्रं चांगली, रस्ते चांगले. इथे माझं दुकान, त्यात एक पंखा, तोही बटण दाबल्यावर विचार करून फिरतो. पाच वर्षांची असल्यापासून तू या दुकानातल्या टाचण्या वेचायचीस, म्हणून काही इथेच येऊन बसायला पाहिजे असं नाही. पण काय ते कळव. माणसाला वाट बघायची की नाही एवढं तरी कळावं.

मामी म्हणते, केस कापलेस का?

तुझा,
मामा

२७ मार्च

मामा,

उंचाडाचं लग्न ठरलेलं आहे, त्याच्याइतक्याच उंच मुलीशी. कोटाचं कापड वाचलं तुझं. केस कापले गेले. न्हाव्याने खुर्चीत दाबून बसवलं आणि म्हणाला, ‘तू माझी मापं घेतलीस, आता माझी पाळी.’ मी मामीसारखी दिसते आहे.

आणि मला यायचं आहे. हे दोनदा लिहिलं असतं, पण तुझा माझ्या अक्षरावर विश्वास आहे म्हणून एकदाच.

महिना का लागतोय ते सांगते. पाच घरं दोन आठवड्यांत झाली. सहावं घर होत नाहीये. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत तीनदा गेले आणि परत आले.

मी बनवलेला पहिला पाय एका म्हातारीचा होता. चौकात त्यांची किल्ल्या बनवायची टपरी आहे, सगळे त्यांना किल्लीवाली म्हणतात. साठीच्या आहेत. आजारात डावा पाय गुडघ्याखालून गेला. पाय बनवताना आधी उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, तो कानशीने नेमका घासायचा आणि त्यावर पेला घडवायचा. त्या पेल्यात पाय बसतो. तो चापून बसायला हवा, अगदी कातडीसारखा. आणि मी काय केलं असेल? मी माया सोडली. कापड कापताना आत दोन बोटं माया सोडायची, उद्या माणूस अंगाने भरला तर उसवून मोठं करता येतं, हे माझ्या हातात इतकं भिनलेलं की साचा घासताना मी थोडा कमीच घासला. कुणी सांगितलं नव्हतं. पाय सुजला तर त्यांना जागा असावी, असं मला आपलं वाटलं.

पेला सैल झाला. आत पाय वरखाली होत राहिला. तीन आठवड्यांत हाडाच्या टोकाला जखम झाली, ती चिघळली, आणि टपरी दीड महिना बंद. आमच्या बाई तेव्हा गावाला गेल्या होत्या. मी पेला मोजला, चूक माझी आहे हे कळलं, आणि तो फोडून भंगारात टाकला. त्यांच्या फाईलीतल्या कागदावर लिहिलं, ‘जास्त चालल्यामुळे जखम.’ किल्लीवालीलाही तेच सांगितलं. त्या मला म्हणाल्या, ‘चुकलंच माझं, पाय मिळाल्याच्या आनंदात फार हिंडले.’ माझी समजूत काढली त्यांनी, मामा.

बाईंनी परतल्यावर त्यांना नवा पेला करून दिला. तो उत्तम आहे. त्यांना आता काहीही त्रास नाही. पण त्या फार चालत नाहीत. घर ते टपरी, टपरी ते घर. त्यांची थोरली बहीण त्यांच्याच चढावरच्या वस्तीत वर राहते, एकशे बारा पायऱ्या चढून. तिला गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही आणि या ‘जास्त चालायचं नाही’ म्हणून वर जात नाहीत. दोघी फोनवर बोलतात. मला हे गेल्या महिन्यात न्हावी कार्यशाळेत आला तेव्हा त्याच्याकडून कळलं, आणि तेव्हाच मी तिकीट पुढे ढकललं. पावणेदोन वर्षं झाली त्यांना एकमेकींना बघून.

म्हणजे जखम बरी झाली, माझं खोटं तसंच राहिलं. आणि मी ‘निघते’ म्हणायला कुठल्या तोंडाने जाऊ? न जाताच निघून आले तर कुणाला कळणारही नाही. ते जास्त वाईट आहे.

मी काय करू ते लिही. रागावून लिही, चालेल.

टाचणी

८ एप्रिल

चि. टाचणी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून.

माया सोडायला मीच शिकवलं. पण चूक माझ्या माथी येत नाही बरं का, मी कापडाचं शिकवलं होतं, पायाचं नाही. पेला सैल झाला ते तुझं शिकणं होतं. नवशिक्याचा हात चुकतोच. कागदावर लिहिलंस, ते शिकणं नव्हतं. तो तुझा भेकडपणा. बोललो. आता पुढचं ऐक.

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, ते तुला मुद्दाम कधी शिकवलं नाही, पण तू ऐकलं असणार. कपडा घट्ट झाला की शिंपी गिऱ्हाइकाकडे बघून हसतो आणि म्हणतो, ‘अंगाने भरलात जरा.’ कापण्यात चूक आपली आणि गिऱ्हाईक बिचारं ओशाळतं. चाळीस वर्षांत मी हे किती जणांना म्हणालो असेन याची गणती नाही. आपले पोस्टमास्तर आठवतात ना, काडीसारखे? त्यांच्या लग्नाचा कोट मी छातीत घट्ट केला. म्हणालो, ‘भरलात जरा.’ त्या माणसाने लग्नापर्यंत रात्रीचं जेवण सोडलं. पुढे ती सवयच लागली. मी बघत होतो, आणि गप्प होतो. माझ्या मनाला मी सांगायचो, कमी खाल्लं तर प्रकृती चांगलीच राहते.

तुझं पत्र वाचून परवा त्यांच्याकडे गेलो. एवढ्या वर्षांनी. सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, ‘माझ्या लग्नात तीनशे माणसं जेवली आणि मी एकटा उपाशी होतो.’ हसले नाहीत. बायकोला हाक मारून तिलाही सांगितलं, ती मात्र पदर तोंडाला लावून हसली. निघताना म्हणाले, कोट परत शिवून द्यायचा, आणि छातीत मोकळा. सत्तराव्या वर्षी कोट घालून कुठे जाणार आहेत देव जाणे. माप घेऊन आलो.

सांगायचं ते हे, की त्यांना सांगून मला हलकं वाटलं नाही. तुला वाटेल असं समजून जाऊ नकोस. तुला बरं वाटावं म्हणून जायचंच नाहीये. ती किल्लीवाली पायऱ्या चढू शकते आणि तिला ते माहीत नाही. ते माहीत असलेली तू एकटीच आहेस. तेव्हा जा.

आधी तुझ्या बाईंना सांग. गुरूला चोरून कुणाची क्षमा मागता येत नाही.

आणखी एक. मामी लिहू देत नव्हती, तुला आल्यावर दाखवायचं होतं म्हणे, पण तू येते म्हणालीस तर आता लिहितो. दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग रिकामा केलाय. कपाट मागे सरकवलं, खिडकीपाशी तुझं टेबल राहील, उजेड चांगला येतो. आत यायला पायरी होती ती फोडून उतार केला, तुझ्याकडे येणाऱ्यांना पायरी नको. म्हणून मागच्या पत्रात तसा फणकारलो होतो. मनावर घेऊ नकोस.

तुझा,
मामा

२ मे

मामा,

उतार केलास हे वाचून मी कार्यशाळेतच रडले. उंचाडाला वाटलं घरी कुणी गेलं. त्याला नीट सांगेपर्यंत तो माझ्यासाठी पाणी, रुमाल आणि स्वतःचा डबा घेऊन आला होता.

बाईंना सांगितलं. त्या कानस खाली ठेवून ऐकत होत्या. मग कपाटातून ती फाईल काढली, माझी ओळ खोडली आणि खाली माझ्याच हाताने खरं काय ते लिहून घेतलं, तारीख घालून. म्हणाल्या, ‘तुझ्या पेल्यापेक्षा मला तुझ्या शब्दाची जास्त काळजी घ्यायला हवी होती. तुझ्या कागदावर मी एकदाही शंका घेतली नाही, ही माझी चूक.’ मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, ‘आता तिच्याकडे. मी बरोबर येणार नाही.’

काल गेले. टपरी तुझ्या शिवणयंत्राच्या मेजापेक्षा थोडीच मोठी. मागे खिळ्यांवर शेकडो किल्ल्या, पुढे घासायचं यंत्र, आणि उंच स्टुलावर त्या. मला बघून खूश झाल्या. माझ्यासाठी दुसरं स्टूल पुसलं. ‘आलीस एकदाची, मला वाटलं मला विसरून जाणार,’ असं म्हणाल्या. त्यानंतर बोलणं किती अवघड होतं ते काय सांगू.

सगळं सांगितलं. पेला मी सैल केला. तुम्ही जास्त चालला नव्हतात. तुम्ही पहिल्या दिवसापासून हवं तेवढं चालू शकत होतात, आजही शकता. बहिणीकडेही.

त्यांनी एक किल्ली यंत्रात अडकवली आणि घासायला लागल्या. घासून झाली, तिच्या कडा बोटाने तपासल्या, दुसरी अडकवली. मी उभीच. चार किल्ल्या झाल्यावर यंत्र बंद केलं आणि म्हणाल्या, ‘गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती. अकरा दिवस. तिला पायऱ्यांवरून खुर्चीत बसवून उतरवलं आणि तसंच वर नेलं. मी दवाखान्यातही गेले नाही आणि वरही नाही. ती म्हणाली, येऊ नकोस, तुझा पाय जपायला हवा.’ मग म्हणाल्या, ‘जा तू आता.’

गेले. तू म्हणालास तसंच, हलकं वगैरे काही वाटलं नाही. मामा, त्यांनी क्षमा केली नाही तर ते बरोबरच आहे. पण त्यांनी माझं ऐकून चालायचं ठरवलं नाही तर? माझ्यावर त्यांनी आता का विश्वास ठेवावा? एकदा ठेवला होता.

तिकीट २६ तारखेचं पक्कं आहे.

टाचणी

१३ मे

चि. टाचणी,

हे तू निघायच्या आत पोचावं म्हणून घाईत लिहितो.

किल्लीवालीकडे पुन्हा जाऊन गळ घालू नकोस. ‘जा’ म्हणाली तर जायचं. पण ज्या वाटेने ती टपरीवर येते-जाते त्या वाटेने रोज जात राहा, तोंड लपवू नकोस. कोटाचं माप देऊनही पोस्टमास्तर आठ दिवस माझ्या दुकानासमोरून मान वळवून जात होते. मी रोज नमस्कार करत होतो. नवव्या दिवशी आत आले आणि म्हणाले, अस्तर कुठलं लावणार?

सामान कमी आण. तिथल्या लोकांचे आभार माझ्याकडूनही मान. भाचीला शिकवलं, सांभाळलं, खाऊपिऊ घातलं. मला त्यांची भाषा येत नाही, नाहीतर मीच लिहिलं असतं.

पंखा दुरुस्त केला.

मामा

२६ मे, विमानतळ

मामा,

हे पत्र माझ्यामागून पोचेल. तोवर माझं सगळं तोंडाने सांगून झालेलं असेल, पण आत्ता लिहिलं नाही तर मला बसवणार नाही. विमानाला तीन तास आहेत.

तू म्हणालास तशी रोज चौकातून जात होते. रोज मान लववत होते. त्या किल्ल्या घासत असायच्या. काल कार्यशाळेत सगळ्यांचा निरोप घेतला. समारंभ नव्हता, पण नकाशेवाले आजोबा, न्हावी आणि बाकीचे तिघे ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणत आले, सगळे एकाच वेळी. मी तुझे आभार त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले. आजोबा म्हणाले, ‘मामांना सांग, पाहुणी नव्हती, आमचीच होती.’ बाईंनी मला जवळ घेतलं, पहिल्यांदाच. त्यांचा प्लॅस्टरने माखलेला हात माझ्या पाठीवर उमटला. किल्लीवाली आल्या नाहीत. मी वाटही बघितली नव्हती, असं म्हणणार होते, पण बघितली होती.

आज सकाळी सामान बांधत होते तर घरमालकीण वर आली, खाली कुणी बोलावतंय म्हणाली. दारात किल्लीवाली. चांगला कोट घातलेला, हातात पिशवी.

म्हणाल्या, ‘गाडी किती वाजता?’

म्हटलं, दुपारी दोनला.

‘मग चल. मी पुढे, तू मागे. पडले तर तुझ्यावर पडेन.’

वस्तीच्या पायऱ्या दगडी आहेत, उंच आणि झिजलेल्या, एका बाजूला लोखंडी कठडा. त्या कठडा धरून चढायला लागल्या, आधी चांगला पाय, मग डावा. मी दोन पायऱ्या खाली, हात पुढे करून. वीस पायऱ्यांनी थांबल्या. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाल्या, ‘पाय दुखत नाही. दम लागलाय. पावणेदोन वर्षं बसून होते ना, तुझ्या कृपेने.’ हे त्या ओठ आवळून म्हणाल्या.

साठाव्या पायरीला त्यांनी कठड्यावरचा हात काढला आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. बराच वेळ. मला वाटलं चक्कर आली. तर त्या डाव्या पायावर भार टाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘नवा पेला चांगला आहे.’ मी म्हटलं, तो बाईंनी केलाय. ‘ते मला ठाऊक आहे. तुझे आता कसे होतात?’ मी म्हटलं, त्यानंतर पाच केले, पाचही चालतायत, सगळी घरं बघून आले. त्यांनी मान हलवली आणि पुढे चढायला लागल्या. नव्वदीच्या पुढे मध्ये थांबल्याच नाहीत.

वरच्या दाराशी पोचल्या तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पिशवीतून किल्ली काढली. त्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती, मामा, सगळी दोन वर्षं. दार उघडलं. आत खिडकीपाशी बहीण बसली होती, पायावर शाल. तिने वळून बघितलं आणि तिचा हात नुसता हवेत राहिला.

किल्लीवाली म्हणाल्या, ‘ही ती मुलगी. हिच्यामुळे आले नाही.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘आणि हिच्यामुळे आले.’

बहीण माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. मी काय बोलायचं ते पायऱ्या चढताना जुळवलं होतं, क्षमा, आभार, सगळं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, ‘किती वाळलीस गं,’ आणि रडायला लागली, आणि किल्लीवालीही रडायला लागल्या, कोट न काढताच तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दोघी एकदम बोलत होत्या, कुणाचंच काही कळत नव्हतं.

मी दारातच होते. जरा वेळाने म्हटलं, उतरताना मदत लागेल, मी थांबते.

त्या मागे न बघताच म्हणाल्या, ‘मी आज उतरणार नाहीये. जा तू, गाडी चुकेल.’

मी दार हळूच ओढून घेतलं आणि आले.

टाचणी